सावित्रीबाई फुले, प्लेग आणि पोटाचा एक जंतू

सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या, हे तुम्ही शाळेत वाचले असेल. तो प्लेगचा जंतू पोट बिघडवणाऱ्या एका जंतूचा वंशज आहे, हे मात्र पुस्तकात नव्हते. ते कळायला जंतूंची जनुके वाचण्याचे तंत्र यावे लागले.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतीरावांबरोबर मुलींची शाळा सुरू केली. हा भाग तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणून मला त्यांचे दुसरे काम जास्त जवळचे वाटते. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे फुले दांपत्याने आपल्या घरी केली. त्यातलेच एक बाळ, यशवंत, त्यांनी दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी भुकेल्यांना जेवू घातले.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि लवकरच पुण्यात पोचला. सरकारी तपासणीच्या धाकाने लोक रुग्ण लपवू लागले. तेव्हा डॉ. यशवंतांनी हडपसरजवळ मोकळ्या माळावर दवाखाना काढला. उंदरांनी भरलेल्या दाट वस्तीपासून दूर, ही जागा आजच्या ज्ञानानेही योग्यच म्हणावी लागेल. सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या गायकवाडांचा मुलगा आजारी असल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

अशा रुग्णाला उचलताना धोका मुख्यतः दोन वाटांनी असतो: कपड्यांतल्या पिसवा, आणि जंतू फुफ्फुसात पोचला असेल तर खोकल्याचे तुषार. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण पिसवांचा वाटा पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवला तो १८९८ मध्ये. म्हणजे सावित्रीबाईंना कशापासून जपायचे, हे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हते.

२००१ मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी प्लेगच्या जंतूचा, म्हणजे यर्सिनिया पेस्टिसचा, जीनोम पूर्ण वाचला. जीनोम म्हणजे जंतूची सगळी जनुकीय माहिती. इथे ती सुमारे ४६ लाख अक्षरांची आहे. त्यात जवळपास १५० जनुके मोडकी, निकामी निघाली. आतड्याच्या पेशींना चिकटायला आणि त्यांत शिरायला लागणारी जनुकेही त्यात होती. बंद पडलेल्या गिरणीत जुनी यंत्रे गंजत पडावीत, तसे. त्याचा जवळचा पूर्वज यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस. हा जंतू आजही दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो. ताप येतो, उजव्या बाजूला खाली पोट दुखते, कधी अपेंडिक्सच वाटावे इतके. बहुतेक रुग्ण बरे होतात. काही हजार वर्षांपूर्वी याच्या एका शाखेने बाहेरून काही नवी जनुके मिळवली. त्यातल्या एकामुळे जंतू पिसवेच्या पोटात तग धरू लागला. पिसू चावली की तो थेट माणसाच्या शरीरात. आतड्याची वाट लागेनाशी झाली.

रुग्ण विचारतात, प्लेग आता संपला ना? नाही. १९९४ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यात आणि सुरतेत त्याने धावपळ उडवली होती. मात्र स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधे लवकर मिळाली तर तो बरा होतो. गाठीच्या प्लेगमध्ये उपचाराविना निम्म्याहून अधिक रुग्ण दगावू शकतात. फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये जवळजवळ सगळेच. काखेत, जांघेत किंवा मानेत दुखरी गाठ आणि अचानक जोराचा ताप असेल, त्यात आसपास उंदीर मरून पडत असतील, तर घरी वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि मेलेल्या उंदरांबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते उंदीर उघड्या हाताने उचलू नका.