हिंगण्याची वाट

आज जामनेर, पाचोरा, साक्री अशा गावांतील मुली उच्च शिक्षणासाठी जळगावला किंवा धुळ्याला जातात, तेव्हा कोणाला नवल वाटत नाही. जळगावच्या विद्यापीठाला तर २०१८ साली बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जिला अक्षरओळख नव्हती, अशा एका शेतकरी स्त्रीच्या नावाचे विद्यापीठ होईल, हे सव्वाशे वर्षांपूर्वी कोणालाही खरे वाटले नसते. त्या काळी विधवा मुलीने पाटी हाती धरली, तरी घरात गहजब होई. अशा काळात स्त्रियांच्या शिक्षणाचे कार्य हाती घेणारे गृहस्थ म्हणजे धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना अण्णा म्हणत.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात झाला. १८९१ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांची पत्नी निवर्तली. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. अण्णा डगमगले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो पुण्याजवळील हिंगणे या खेड्यात, माळावरच्या एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवून अण्णा संध्याकाळी पायी हिंगण्याला जात. वाट खडकाळ, पावसाळ्यात चिखलाची. तेथे पोहोचल्यावर पुन्हा मुलींना शिकवावयाचे.

पण संस्था चालवावयाची कोणी? अण्णांचे उत्तर सरळ होते : जिला शिकविले, तिनेच. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ऐन तारुण्यात विधवा झाली होती. विशीच्या पुढे गेल्यावर तिने अभ्यास आरंभिला. तीच पार्वतीबाई पुढे आश्रमाचा कारभार पाहू लागली आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडली. १९१८ मध्ये, वयाची पन्नाशी जवळ आली असता, इंग्रजी नीट येत नसतानाही ती अमेरिकेस गेली. तेथे परक्या घरांत घरकाम करून तिने भाषा शिकून घेतली, आणि आश्रमासाठी निधी जमवून १९२० मध्ये ती परतली. अण्णांची थोरवी आपण सगळेच गातो. पार्वतीबाईंचे नाव मात्र पुष्कळांना ठाऊकही नसते, हे बरे नव्हे.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून अण्णांच्या मनात नवा विचार आला, आणि १९१६ मध्ये त्यांनी भारतातील पहिले महिला विद्यापीठ स्थापन केले. त्या वेळी त्यांचे वय ५८ होते. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या पाच! शिक्षण मातृभाषेतून, म्हणून पुष्कळ विद्वानांनी नाके मुरडली. सरकारची मान्यताही नव्हती, त्यामुळे पदवी घेऊन उपयोग काय, असे पालक विचारीत. हा प्रश्न खोटा नव्हता, तरी अण्णांनी विद्यापीठ चालूच ठेवले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, तेव्हा त्याला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. तरीही पैसा पुरेना. सत्तरी उलटल्यावर अण्णा युरोप, अमेरिका, जपान आणि पुढे आफ्रिका हिंडून आले.

विद्यापीठ स्त्रियांचे, पण आरंभीचे कुलपती आणि कुलगुरू पुरुषच होते. त्या काळी पदवीधर स्त्रियाच मोजक्या. दुसरे होणार काय? पण हळूहळू चित्र पालटले. १९३१ पासून काही वर्षे इरावती कर्वे या विदुषीने कुलसचिवपद सांभाळले. स्थापनेनंतर पस्तीस वर्षांनी, १९५१ मध्ये, विद्यापीठास कायद्याची मान्यता लाभली, तेव्हा कुलगुरूंच्या आसनावर प्रेमलीला ठाकरसी बसल्या.

ते पाहावयास अण्णा हयात होते. त्यांचे वय त्या वेळी ९३ होते. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.