विल्यम कुकवर्दी

विल्यम कुकवर्दी (१२ एप्रिल, इ.स. १७०५ - १७ ऑक्टोबर, इ.स. १७८०) हे इंग्लिश औषधविक्रेते होते. चिनी पद्धतीचे अस्सल, कठीण पोर्सिलेन इंग्लंडमध्ये सर्वप्रथम त्यांनी तयार केले.

जीवन

कुकवर्दी यांचा जन्म डेव्हनमधील किंग्जब्रिज येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. वडिलांच्या निधनानंतर इ.स. १७२० मध्ये साउथ सी कंपनीचे समभाग कोसळून कुटुंबाची पुंजी बुडाली. लंडनमधील औषधविक्रेते सिल्व्हेनस बेव्हन यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली. पुढे त्यांनी प्लिमथ येथे औषधांची घाऊक पेढी चालवली.

चिनी मातीचा शोध

चेल्सी, बो आदी तत्कालीन इंग्लिश कारखान्यांचे पोर्सिलेन काचेची पूड वा हाडांची राख मिसळून केलेले, तुलनेने मऊ असे. चिनी कृतीचे वर्णन फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक दांत्रकोल यांच्या पत्रांतून युरोपात पोहोचले होते. त्या आधारे कुकवर्दी यांनी इ.स. १७४०च्या दशकात कॉर्नवॉलमधील ट्रेगॉनिंग टेकडीवर केओलिन, म्हणजेच चिनी माती शोधून काढली. योग्य मिश्रण व भट्टी साधण्यात सुमारे वीस वर्षे गेली.

प्लिमथ पोर्सिलेन

साठी उलटल्यावर, इ.स. १७६८ मध्ये त्यांना एकस्व (पेटंट) मिळाले आणि प्लिमथला कारखाना सुरू झाला. तेथील भांड्यांवर कोबाल्टच्या निळ्या रंगाने चिनी धाटणीची, ‘शिन्वाझरी’ म्हणून ओळखली जाणारी नक्षी हाताने रंगवली जाई. मात्र सुमारे १४०० अंश सेल्सियसच्या आचेत निळा रंग काळपट होई, झिलई धुरकटे आणि ताटल्यांसारखी सपाट भांडी वाकत. इ.स. १७७० मध्ये कारखाना ब्रिस्टल येथे हलवण्यात आला. इ.स. १७७४ मध्ये कुकवर्दी यांनी एकस्व रिचर्ड चॅम्पियन यांच्याकडे सोपवले.

वारसा

इ.स. १७७५ मध्ये चॅम्पियन यांनी एकस्वाची मुदत वाढवून मागितली. जोसाया वेजवूड यांच्या विरोधामुळे ती वाढवताना अपारदर्शक भांड्यांसाठी कॉर्नवॉलची माती सर्वांना खुली करण्यात आली. कुकवर्दी यांच्या मृत्यूनंतर हे एकस्व स्टॅफर्डशायरमधील कुंभारांच्या एका गटाने विकत घेतले. त्यांच्या न्यू हॉल कारखान्याची हाताने रंगवलेली चिनी धाटणीची चहाची भांडी लोकप्रिय झाली. कुकवर्दी यांना स्वतःला या उद्योगातून फारसा नफा झाला नाही. त्यांनी शोधलेली माती मात्र कॉर्नवॉलचा प्रमुख उद्योग ठरली. किंग्जब्रिज येथील संग्रहालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.