विश्लेषण : लोणावळ्याच्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालवण्याचा ध्यास कोणी घेतला?

जमशेटजी टाटा (१८३९-१९०४) अभियंते नव्हते. जन्म नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात, मग कापसाचा व्यापार आणि गिरण्या. पण तंत्रज्ञाचे म्हणणे ते नुसते ऐकून सोडत नसत, करून पाहत. सूतकताईची रिंग चाती नवी होती, तेव्हाच त्यांनी ती नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये चालवून पाहिली.

मुंबईच्या गिरण्या त्या काळी दुरून आणलेल्या कोळशावर चालत. धूर वेगळाच. लोणावळा परिसरातील पाण्यापासून वीज करावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग यांनी त्यांच्यापुढे मांडली. अभियंत्याचा हिशेब पाऊस, साठा आणि उताराचा: चार महिन्यांचे पाणी धरणांत अडवायचे, वर्षभर पुरवायचे आणि घाटाखाली खोपोलीपर्यंत ५०० मीटरहून अधिक उंचीवरून सोडायचे. गिरणीमालकाचा प्रश्न वेगळा. चालते वाफेचे इंजिन काढून न पाहिलेल्या विजेवर पैसा का लावायचा? जमशेटजींना दोन्ही हिशेब कळत. ते गेले, तेव्हा योजना कागदावरच होती.

ती पुढे नेली थोरले पुत्र दोराबजी यांनी. १९१० मध्ये कंपनी, १९११ मध्ये लोणावळ्यात पायाभरणी, मग लोणावळा, वळवण आणि शिरवता ही धरणे. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली.

जमीन बुडणाऱ्यांचा हिशेब मात्र तिसराच होता. तो शेजारच्या मुळशीत उघड झाला. तिथे टाटांच्याच पुढच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्यात सेनापती बापट पुढे होते.