बिअरची गोडी नसलेला बिअरचा शास्त्रज्ञ

खास प्रतिनिधी

तळोजा औद्योगिक वसाहतीचे नाव निघाले की रसायनांचे कारखाने, अवजड वाहनांची वर्दळ आणि कासाडी नदीचे प्रदूषण डोळ्यांसमोर येते. याच वसाहतीत बिअरचाही मोठा कारखाना आहे, याची जाणीव पनवेलकरांखेरीज फारशी कोणाला नसते. युनायटेड ब्रुअरीजच्या या कारखान्यात २०११ मध्ये हायनेकेन या डच बिअरचे उत्पादन सुरू झाले. ही बिअर ज्या यीस्टवर तयार होते, ते यीस्ट १८८६ मध्ये डॉ. हार्टोग एलियन यांनी वेगळे केले, आणि एलियन यांची ओळख लुई पाश्चर यांचे शिष्य अशी सांगितली जाते. रेबीजची लस आणि दुधाची पिशवी यांमुळे घराघरांत पोहोचलेल्या पाश्चर यांचे नाव असे थेट बिअरच्या टाकीपर्यंत जाते. त्यांच्या चरित्रातील हे प्रकरण आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

चामडे कमावणाऱ्याचा मुलगा

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यातून परतलेले. चामडे कमावणे हा त्यांचा व्यवसाय. लुईचे बालपण द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या आर्बुआ या गावात गेले. मुलगा अभ्यासात बेताचाच, पण चित्रकलेत निपुण होता. पुढे रसायनशास्त्रात जगाला दिपवणाऱ्या या विद्यार्थ्याला पदवीपूर्व परीक्षेत रसायनशास्त्रातच सामान्य शेरा मिळाला होता.

पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये शिकल्यावर १८४८ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवर मूलभूत संशोधन केले. हे आम्ल वाईनच्या पिंपांत तळाशी साचते. म्हणजे मद्याशी त्यांचा संबंध आला तोच मुळी प्रयोगशाळेतून.

१८५४ मध्ये ते लील शहरात प्राध्यापक झाले. दोनच वर्षांनी बिगो नावाचे एक कारखानदार त्यांच्याकडे आले. बिटापासून मद्यार्क काढण्याचा त्यांचा धंदा होता आणि पिंपेच्या पिंपे आंबट होऊन वाया जात होती. पाश्चर यांनी चांगल्या आणि बिघडलेल्या पिंपांतील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चांगल्यात यीस्टच्या गोलसर पेशी दिसल्या. बिघडलेल्यात त्यांहून कितीतरी लहान, काडीसारखे जीव वळवळत होते. आंबणे ही केवळ निर्जीव रासायनिक क्रिया आहे, असे जर्मनीचे थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग मानत असत. पाश्चर यांनी तिच्यामागे जिवंत सूक्ष्मजीव असल्याचे दाखवून दिले. पुढे फ्रेंच सम्राटाच्या सूचनेवरून त्यांनी वाईनच्या विकारांचा अभ्यास केला आणि साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास वाईन टिकते, हे सिद्ध केले. पाश्चरायझेशन या शब्दाचा जन्म येथलाच. दूध त्यात नंतर आले.

घरावर दुःखाचे डोंगर

या यशाच्या काळातच घरात मात्र मृत्यूचे सत्र सुरू होते. १८५९ मध्ये थोरली मुलगी जान विषमज्वराने गेली. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामीय आणि पुढच्याच वर्षी सेसील दगावली. पाच अपत्यांपैकी दोनच उरली. १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. यानंतरची त्यांची सारी कामगिरी, बिअरचे संशोधन आणि रेबीजची लसही, या अधू शरीराने आणि सहकाऱ्यांच्या हातांनी घडली आहे.

सूडाची बिअर

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. फ्रान्सचा दारुण पराभव झाला. पाश्चर यांचा एकुलता मुलगा आघाडीवर होता. माघार घेणाऱ्या, थंडीने गारठलेल्या सैन्याच्या लोंढ्यात हा अधू बाप पत्नीसह बर्फातून मुलाचा शोध घेत फिरला. मुलगा जिवंत सापडला, पण जर्मनांविषयीचा संताप काही शमला नाही. बॉन विद्यापीठाने दिलेली सन्माननीय पदवी त्यांनी परत पाठवली.

रणांगणावर उतरणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांनी दुसरे मैदान निवडले. बिअर ही जर्मनांची मक्तेदारी. तीच मोडून काढायची, असा त्यांनी चंग बांधला. गंमत अशी, की त्यांना स्वतःला बिअरची गोडी नव्हती. १८७१ मध्ये क्लेरमाँ-फेरां येथे एमिल द्युक्लो या शिष्याच्या प्रयोगशाळेत आणि जवळच्या एका लहानशा ब्रुअरीत त्यांनी प्रयोग सुरू केले. त्या बिअरला त्यांनी राष्ट्रीय सूडाची बिअर असे नावही दिले.

त्याच वर्षी ते लंडनच्या प्रसिद्ध व्हिटब्रेड ब्रुअरीत गेले. तेथील यीस्टचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहताच त्यात परके जंतू असल्याचे त्यांनी सांगितले. मालाविषयी तक्रारी येत असल्याचे व्यवस्थापकांना मग मान्य करावे लागले. आठवड्याच्या आत पाश्चर पुन्हा गेले, तेव्हा ब्रुअरीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता. पिढ्यान्पिढ्यांच्या अंदाजावर चाललेल्या धंद्यात विज्ञानाचा प्रवेश झाला तो असा.

बिअर बिघडते ती हवेतून, भांड्यांतून किंवा अशुद्ध यीस्टमधून शिरलेल्या सूक्ष्मजीवांमुळे, हा त्यांचा निष्कर्ष. बार्लीचा काढा उकळावा, तो जंतू शिरणार नाहीत अशा बेताने थंड करावा आणि त्यात शुद्ध यीस्टच घालावे, हा उपाय. या पद्धतीचे पेटंट त्यांना १८७३ मध्ये अमेरिकेतही मिळाले आणि १८७६ मध्ये त्यांचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ज्ञानाला सीमा नसते

सूडासाठी सुरू झालेल्या या संशोधनाचे पुढे काय झाले? बिअरमध्ये फ्रान्स काही जर्मनीच्या पुढे गेला नाही. ग्रंथ मात्र सर्वांनाच वाचायला खुला होता आणि त्याचा लाभ जर्मनीसह साऱ्या युरोपने घेतला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीचे मालक याकोबसेन हे पाश्चर यांचे चाहते. त्यांच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. बिअरचे शत्रू केवळ जिवाणू नाहीत, रानटी यीस्टही तितकेच घातक आहेत, हे दाखवून हान्सेन यांनी पाश्चर यांच्या सिद्धांतातील उणीव भरून काढली. याकोबसेन यांनी ते यीस्ट इतर ब्रुअरींनाही खुले करून दिले.

अमेरिकेत वेगळेच घडले. तेथे बाटलीबंद बिअर तापवून रेल्वेने दूरदूर धाडण्याची पद्धत रुजली. १८७० च्या दशकात अमेरिकेत चार हजारांवर ब्रुअरी होत्या. गावोगावच्या या लहान ब्रुअरी मोठ्यांपुढे टिकेनात. उरलेल्यांचा बळी १९२० ते १९३३ च्या दारूबंदीने घेतला. १९७० च्या दशकाअखेरीस शंभराहून कमी कंपन्या उरल्या आणि बहुतेकांची बिअर एकाच चवीची. या एकसुरीपणाला कंटाळलेल्या हौशी मंडळींनी मग घरातच बिअर गाळण्यास आरंभ केला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात जॅक मॅकऑलिफ यांनी न्यू अल्बियन ही चिमुकली ब्रुअरी थाटली. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घरगुती बिअरला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. आज तेथील ब्रुअरींची संख्या नऊ हजारांवर आहे. हीच हौस २००९ मध्ये पुण्यात डूलाली या मायक्रोब्रुअरीच्या रूपाने महाराष्ट्रात अवतरली.

मायक्रोब्रुअरीतील बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते, ती ताजीच प्यायची असते, हे तिचे चाहते अभिमानाने सांगतात. वरवर पाहता हे पाश्चर यांच्या विरुद्ध जाणे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. भांड्यांची काटेकोर स्वच्छता आणि शुद्ध यीस्ट यांवाचून अशी बिअर टिकणारच नाही, आणि बिअर नंतर तापवण्यापेक्षा आधीच शुद्ध राखण्यावर खुद्द पाश्चर यांचा भर होता.

पिंपातून माणसाकडे

बिअरला रोग जडवणारे सूक्ष्मजीव असतील, तर माणसाला रोग जडवणारेही असलेच पाहिजेत, या विचाराने पाश्चर पुढे सरकले. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला त्यांनी लस देवविली. मुलगा बचावला. तो अल्सेसचा, म्हणजे युद्धात जर्मनीने फ्रान्सकडून हिरावून घेतलेल्या प्रांताचा रहिवासी होता.

१८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेथे काम केलेले वाल्डेमार हाफकिन पुढे भारतात आले आणि १८९७ मध्ये त्यांनी मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव मिरवते. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. पॅरिसच्या त्यांच्या संस्थेतच त्यांची समाधी आहे. तीन मुलींना वाचवू न शकलेल्या या पित्याच्या संशोधनाने पुढे असंख्य घरांतील मुले वाचली, आणि त्या संशोधनाची वाट आंबट झालेल्या पिंपांवरून गेली होती.