संघराज्याचा तोल सांभाळणारे मॅडिसन

केंद्र बलवान असावे की राज्ये, हा वाद संघराज्याच्या कल्पनेइतकाच जुना आहे. अमेरिकी राज्यघटनेचे प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन या वादात वेगवेगळ्या वेळी दोन्ही बाजूंना उभे राहिले.

व्हर्जिनियातील जमीनदार कुटुंबात १६ मार्च १७५१ रोजी त्यांचा जन्म झाला. प्रिन्स्टन येथील शिक्षणानंतर ते राजकारणात आले. ब्रिटिश सत्तेपासून मुक्त झालेली १३ राज्ये तेव्हा सैल बंधनाने एकत्र होती. मध्यवर्ती काँग्रेसला कर लावण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागणे आणि वाट पाहणे, एवढेच तिच्या हाती होते.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या घटनापरिषदेत चर्चेचा पाया ठरला तो मुख्यतः मॅडिसन यांचा आराखडा. राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार केंद्राला असावा, हा त्यांचा आग्रह मात्र परिषदेने फेटाळला. सिनेटमध्ये सर्व राज्यांना समान जागा देण्यालाही त्यांचा विरोध होता. तोही टिकला नाही. तरीही हॅमिल्टन व जे यांच्या साथीने लेख लिहून त्यांनी त्याच तडजोडीचा पुरस्कार केला. व्हर्जिनियात १७८८ मध्ये ८९ विरुद्ध ७९ मतांनी घटना मंजूर झाली. पुढे त्यांच्याच पुढाकाराने झालेल्या दुरुस्त्यांपैकी दहाव्या दुरुस्तीने, केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे वा जनतेकडे राखले. भारतात नेमके उलट आहे. येथे शेषाधिकार केंद्राकडे आहेत.

१७९८ मध्ये सरकारवरील टीकेला गुन्हा ठरवणारा कायदा केंद्राने केला, तेव्हा त्याविरुद्धच्या व्हर्जिनियाच्या ठरावाचा मसुदा मॅडिसन यांनीच पडद्याआडून लिहिला. १८०९ मध्ये ते अध्यक्ष झाले. १८१२ च्या युद्धात मॅसॅच्युसेट्स व कनेक्टिकट यांनी आपली राखीव दले केंद्राच्या हुकमतीखाली देण्यास नकार दिला. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी राजधानी जाळली. दुबळ्या केंद्राचे चटके असे सोसूनही, ३ मार्च १८१७ रोजी, कारकीर्द संपता संपता, रस्ते व कालव्यांना केंद्राचा निधी देणारे विधेयक त्यांनी नाकारले. कामे त्यांना हवी होती; पण घटनेने तो अधिकार केंद्राला दिलेला नाही, हवा असल्यास घटना दुरुस्त करावी, अशी त्यांची भूमिका होती.

१८३२ मध्ये साउथ कॅरोलिनाने केंद्राचा आयातकर कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला. त्यासाठी १७९८ च्या ठरावांचाच आधार घेतला गेला. एकट्या राज्याला असा अधिकार नाही, हे ८१ वर्षांच्या मॅडिसन यांनी निक्षून सांगितले.

या विचारवंताच्या मळ्यावर शंभरहून अधिक गुलाम राबत होते. गुलामगिरीचा प्रश्न घटनेने राज्यांवर सोडला होता आणि मॅडिसन यांनाही तो सोडवता आला नाही. २८ जून १८३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाव शतकातच त्या प्रश्नाने अमेरिकेला यादवी युद्धात लोटले. अधिकारांची वाटणी कागदावर कितीही नेटकी असली, तरी माणसाच्या मूलभूत हक्काचा प्रश्न तिच्या आड फार काळ दडवता येत नाही, हेच त्या युद्धाने दाखवले.