चिमटा आणि लेखणी

शस्त्रक्रियागृहातील तबकात जी हत्यारे ओळीने मांडलेली असतात, त्यांत एका साध्या चिमट्याची संख्या नेहमीच मोठी असते. कात्रीसारख्या दोन कड्या, मध्ये खिळा, आतून आडव्या रेघा असलेले दोन निमुळते जबडे आणि कड्यांजवळ एकमेकांत अडकणारे दाते, एवढीच त्याची रचना. डॉक्टर आणि परिचारिका त्याला नुसते ‘आर्टरी’ म्हणतात. छेद घेताना तुटलेल्या रक्तवाहिनीचे तोंड या चिमट्याने धरावयाचे, दाते अडकवून तो तसाच राहू द्यावयाचा आणि त्याखालून दोरा फिरवून गाठ मारावयाची. लहान रक्तवाहिन्या आज विजेच्या साहाय्यानेही बंद करतात. परंतु मोठ्या रक्तवाहिनीस चिमटा आणि गाठ यांचाच भरवसा वाटतो.

या चिमट्यास आजचे रूप एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील पेआं व केबर्ले आणि इंग्लंडमधील स्पेन्सर वेल्स यांच्या हातून मिळाले. मात्र अवयव कापल्यावर जखम डागण्याऐवजी रक्तवाहिनी धरून बांधावी, हा विचार शल्यकर्मात रुजविण्याचे श्रेय त्यांच्या तीनशे वर्षे आधीच्या एका माणसाकडे जाते. आंब्रवाज पारे हे त्याचे नाव. तो विद्यापीठाचा पदवीधर नव्हता; त्याने न्हाव्याच्या दुकानात उमेदवारी केली होती. त्याचे चरित्र आठवावयाचे ते केवळ शस्त्रक्रियेच्या इतिहासासाठी नव्हे. ज्ञान कोणाच्या भाषेत लिहावे, या प्रश्नाशी त्याचे आयुष्य निगडित आहे, आणि तो प्रश्न आपल्याकडे अद्याप सुटलेला नाही.

पारेचा जन्म १५१० च्या सुमारास फ्रान्समध्ये लाव्हाल या गावाजवळ एका सामान्य कुटुंबात झाला. त्या काळच्या वैद्यकात वर्णव्यवस्थेसारखीच उतरंड होती. सर्वांत वर विद्यापीठातील वैद्य. ते लॅटिन ग्रंथ वाचीत, चिकित्सा सांगत, पण रक्ताला हात लावीत नसत. त्यांच्या खाली सँ-कोम या संघाचे झगाधारी शल्यक. तळाशी न्हावी-शल्यक. दाढी करणे, रक्त काढणे, गळू फोडणे, हाड बसविणे आणि दात उपटणे ही त्यांची कामे. पारे या तळाच्या पायरीवर उभा होता. पॅरिसच्या ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयात त्याने सुमारे तीन वर्षे काढली. तेथील रुग्णांच्या खाटा आणि शवे हेच त्याचे विद्यापीठ ठरले.

पुढे तो सैन्याबरोबर शल्यक म्हणून इटलीतील पिडमाँट प्रांतात गेला. १५३७ च्या सुमाराची ही गोष्ट. बंदुकीच्या दारूमुळे जखम विषारी होते, म्हणून तीत उकळते तेल ओतून विष जाळावे, असे जोव्हान्नी दा व्हिगो या मान्यवर ग्रंथकाराचे मत होते. पारेनेही तसेच करावयास सुरुवात केली. परंतु जखमींची संख्या इतकी वाढली की तेल संपले. निरुपायाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप करून उरलेल्यांच्या जखमा बांधल्या. रात्रभर त्यास झोप लागली नाही. ज्यांना तेल मिळाले नाही ते सकाळी मेलेले दिसतील, अशी त्याची खात्री होती. पहाटे जाऊन पाहतो तो लेप लावलेले सैनिक बऱ्यापैकी झोपलेले, आणि तेलाने भाजलेले तापाने फणफणलेले, त्यांच्या जखमा सुजून टणक झालेल्या. त्या दिवशी त्याने उकळत्या तेलाचा त्याग केला. ग्रंथ आणि डोळे यांच्यात विरोध आला तेव्हा त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवला.

हा अनुभव त्याने १५४५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, आणि तो फ्रेंच भाषेत. त्यास लॅटिन येत नव्हते हे खरेच. पण ज्या न्हावी-शल्यकांच्या हाती जखमी सैनिकांचे प्राण असत, त्यांनाही ते येत नव्हते.

१५५२ मध्ये दांव्हिलेच्या वेढ्यात त्याने दुसरे धाडस केले. पाय कापल्यावर रक्त थांबविण्यासाठी तापवून लाल केलेल्या लोखंडाने जखम डागण्याची रूढी होती. त्याने डागणी बाजूस ठेवली आणि रक्तवाहिन्या चिमट्याने ओढून दोऱ्याने बांधल्या. या चिमट्यास फ्रेंच शल्यक ‘कावळ्याची चोच’ म्हणत. रक्तवाहिनी बांधण्याची युक्ती जुन्या ग्रंथांत होती, आणि ते श्रेय पारेने प्राचीनांस दिलेही. अवयव कापताना ती नेमाने वापरावी, हा आग्रह मात्र त्याचा. तो लगेच सर्वत्र मान्य झाला नाही, यास कारणे होती. रक्ताचा लोंढा आवरून धरणारा पेतीचा स्क्रूचा आवळपट्टा १७१८ मध्ये आला, आणि जंतूंपासून जखम वाचविण्याची लिस्टरची पद्धत १८६७ मध्ये. तोवर गाठ मारण्यास मदतनीस पुष्कळ लागत आणि बांधलेली जखमही सडे. दिशा मात्र पारेने दाखविली.

१५६४ मध्ये त्याने शल्यकर्मावरील दहा भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात गोळी काढण्याचे निरनिराळ्या पक्ष्यांच्या चोचींसारखे चिमटे, हाडे कापण्याची करवत, कवटीस भोक पाडण्याचे यंत्र, अशी हत्यारे चित्रांसह दिली. दातांकडेही त्याने दुर्लक्ष केले नाही. दात उपटण्याच्या ‘पेलिकन’ नामक आकडीचे वर्णन त्याने केले आणि बेपर्वाईने ती चालविल्यास जबड्यास इजा होते, असे बजावले. हाडाचे वा हस्तिदंताचे दात तारेने शेजारच्या दातांस कसे बांधावेत, टाळूस पडलेले भोक धातूच्या पत्र्याने कसे बुजवावे, हेही त्याने लिहिले. तुटलेल्या हाताच्या जागी बसवावयाचा चाके आणि स्प्रिंगा असलेला लोखंडी हात त्याने पॅरिसमधील एका कुलूप बनविणाऱ्याकडून करवून घेतला. चित्राशेजारी एकेका भागाचे नाव आणि काम दिलेले. चित्र पाहून हत्यार घडविणे परगावच्या लोहारासही जमावे, असा हा खटाटोप होता.

येथे आपल्या सुश्रुतसंहितेचे स्मरण होते. तीत एकशे एक यंत्रे आणि वीस शस्त्रे सांगितली आहेत आणि कित्येक यंत्रांस पशुपक्ष्यांच्या मुखांची नावे आहेत. काकमुख त्यांत आहे, आणि कंकमुख हे सर्वांत श्रेष्ठ मानले आहे. पारेने ते वाचले असावे असा दावा करण्याचे कारण नाही. खोल, अरुंद जखमेतून शल्य काढावयाचे तर हत्यार लांब आणि चोचीसारखे हवे, ही हाताची गरज दोन्हीकडे एकच होती.

पारेची कीर्ती वाढली. १५५४ मध्ये सँ-कोम संघाने त्याच्या लॅटिनकडे काणाडोळा करून त्यास सामावून घेतले. दुसऱ्या हेन्रीपासून तिसऱ्या हेन्रीपर्यंत चार राजांचा तो शल्यक झाला. १५७५ मध्ये त्याचे समग्र ग्रंथ एकत्र निघाले, तेव्हा पॅरिसच्या वैद्यकपीठाने विरोध मांडला. वैद्यकावर लिहिण्याचा अधिकार पीठाचा, आणि न्हाव्याने बाजारच्या भाषेत ही विद्या उघडी करावी, हे पीठास सहन होण्यासारखे नव्हते. पीठाचा प्रमुख एतिएन गुर्मेलाँ याने रक्तवाहिन्या बांधण्याच्या पद्धतीवरही टीका केली. पारेने १५८५ मध्ये त्यास दिलेले उत्तर म्हणजे आपल्या मोहिमांची हकीकत होती. कोणत्या वेढ्यात काय केले आणि काय घडले, हे त्याने क्रमाने सांगितले. ग्रंथाच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. १५८२ मध्ये त्याचे लॅटिन भाषांतरही झाले, आणि १६३४ मध्ये तो इंग्रजीत आला.

पारे निर्दोष होता असे नव्हे. राक्षसी जन्मांच्या कित्येक भाकडकथा त्याने खऱ्या मानून लिहिल्या. सर्व विषांवर उतारा म्हणून मिरविणारा बेझोअर खडा निरुपयोगी आहे, हे दाखविण्यासाठी देहदंडाची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्यास राजाच्या संमतीने विष देण्यात आले आणि तो तडफडून मेला. पारेचे म्हणणे खरे ठरले. पण तो डाग पुसला जात नाही. २० डिसेंबर १५९० रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले.

आता आपल्याकडे पाहू. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्यास नवे नाक करून दिले. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ही हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू या इंग्रज शल्यकाने या पद्धतीचा अभ्यास केला आणि १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. पुण्याजवळच्या त्या कारागिराचा हात पारेपेक्षा कमी कुशल नव्हता. त्याच्यापाशी लेखणी मात्र नव्हती. आणि ज्यांच्यापाशी लेखणी होती, त्यांना त्याच्या हाताशी कर्तव्य नव्हते. विद्या आपली आणि तिची नोंद परक्याची, असा प्रकार झाला.

मुंबईत १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा निघाली होती. १८३२ मध्ये ती बंद पडली. मध्य प्रदेशात २०२२ साली वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत आली, त्यावर उलटसुलट चर्चा झाली. इंग्रजी सोडली तर जगाशी संबंध तुटेल, हा आक्षेप पोकळ नाही. पारेच्या ग्रंथासही युरोपभर जाण्यासाठी लॅटिनचा आधार घ्यावा लागला. तेव्हा इंग्रजी हवीच. परंतु ती येत नाही म्हणून कोणाच्या हातातील काम अज्ञानात राहावे काय?

प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. चिमटा धुणारा, वाफेच्या यंत्रात ठेवणारा, शस्त्रक्रियेनंतर मोजणारा, दंतवैद्याच्या हाती अचूक हत्यार देणारा माणूस बहुधा मराठी शाळेतून आलेला असतो. चिमट्याचे दाते अडकवून तो वाफेत ठेवला तर त्याच्या सांध्यात वाफ नीट पोचत नाही आणि हत्यार निर्जंतुक होत नाही. ही एका ओळीची माहिती आहे. पण तिच्या अभावी जखम चिघळू शकते. ती त्या माणसास तोंडी मिळाली तर मिळाली, न मिळाली तर नाही. प्रत्येक हत्याराचे चित्र, नाव, काम आणि निगा सांगणारी सुबोध मराठी पुस्तके त्याच्या हाती असणे ही चैन नव्हे, रुग्णाच्या सुरक्षिततेची बाब आहे. अशी पुस्तके लिहिण्यास मोठ्या योजनेची वाट पाहावी लागत नाही. अनुभवी शल्यक, परिचारिका आणि मराठीचे शिक्षक एकत्र बसले तरी पुरे.

पारेचा चिमटा सुधारत गेला आणि आज त्याचे मूळ रूप संग्रहालयातच शोधावे लागेल. त्याच्या लेखणीचा धडा मात्र अजून जुना झालेला नाही. ज्याच्या हाती हत्यार आहे त्याच्याच भाषेत त्याचे ज्ञान असावे, एवढाच तो धडा. चारशे वर्षांपूर्वी एका न्हाव्यास जे उमगले, ते आपल्या विद्यापीठांस उमगण्यास आणखी किती काळ लागावा?