कींव आणि सेवा: फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचें चरित्र

दुखणाइताजवळ बसण्याचा प्रसंग आपणांपैकीं प्रत्येकावर येतो. त्या वेळीं अंतःकरण भरून येतें, डोळ्यांस पाणी येतें, आणि आपली त्याजवर फार प्रीति आहे असें आपणांस वाटतें. पण त्या अश्रूंनीं रोग्याचें दुःख हलकें होतें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांच्या आयुष्यांत स्पष्ट दिसून येतें, अशा एका बाईंचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सांगणार आहों.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, आणि त्या शहरावरूनच त्यांचें नांव ठेवण्यांत आलें. आईबाप श्रीमंत इंग्रज होते. घरीं कशाची उणीव नव्हती. १८३७ सालीं, सतरावें वर्ष चालू असतां, देव आपणांस सेवेस बोलावीत आहे अशी त्यांची खात्री झाली. सेवा कोणती, हें मात्र कळेना. आसपासच्या खेड्यांतील आजारी गरिबांच्या घरीं त्या जाऊं लागल्या. १८४५ सालीं एक गरीब बाई त्यांच्या डोळ्यांदेखत मरण पावली. उशाशीं बसणारीं माणसें होतीं, पण त्यांच्या अज्ञानानेंच तिचा घात झाला. नुसत्या कळवळ्यानें प्राण वांचत नाहीं, हा धडा त्यांनीं तेथें घेतला.

आजाऱ्यांची शुश्रूषा शिकावी असें त्यांनीं मनांत आणिलें, पण घरच्यांस तें मुळींच रुचलें नाहीं. त्या काळीं इंग्लंडांत इस्पितळांतील परिचारिकांस लोक हलक्या समजत. कुलीन मुलीनें तें काम करणें लज्जास्पद वाटे. बाईंनीं कित्येक वर्षें धीर धरिला, आणि पहाटे उठून इस्पितळांचे अहवाल वाचिले. शेवटीं १८५१ सालीं जर्मनींतील कायझर्स्वर्थ येथें, पास्टर फ्लीड्नर ह्यांनीं स्थापिलेल्या प्रॉटेस्टंट सेविकांच्या संस्थेंत त्यांनीं सुमारें तीन महिने शिक्षण घेतलें. १८५३ सालीं लंडनांतील आजारी स्त्रियांच्या एका संस्थेचा कारभार त्यांजकडे आला.

पुढल्याच वर्षीं इंग्लंड क्रिमियाच्या युद्धांत उतरलें. जखमी शिपायांचे हाल वर्तमानपत्रांत छापून येतांच सर्व देश हळहळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट ह्यांच्या विनंतीवरून नाइटिंगेल बाई ३८ परिचारिका घेऊन नोव्हेंबर १८५४ मध्यें तुर्कस्तानांतील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत पोहोंचल्या. तेथें शिपाई दाटीनें पडलेले, अंगावर उवा, इमारतीखालीं तुंबलेलीं गटारें. स्वच्छ कपडा नाहीं, धड अन्न नाहीं. बाईंनीं कपडे धुण्यासाठीं एक घर भाड्यानें घेतलें, रोग्यांस पचेल असें अन्न शिजविण्याची व्यवस्था केली, मेलेल्यांच्या आप्तांस पत्रें लिहिलीं. रात्रीं हातांत कंदील घेऊन त्या खाटांमधून फिरत, आणि त्या उजेडाकडे शिपाई डोळे लावून पडत.

इतकी प्रीति व इतके कष्ट असूनहि शिपाई मरतच होते. १८५५ च्या फेब्रुवारींत दर १०० रोग्यांमागें सुमारें ४२ मरत. मार्चांत सरकारनें पाठविलेल्या आरोग्य-मंडळानें गटारें साफ करविलीं व हवा खेळती केली. जूनपर्यंत हें प्रमाण सुमारें २ वर आलें. १८५६ सालीं स्वदेशीं परतल्यावर बाईंनीं आंकडेशास्त्रज्ञ विल्यम फार ह्यांच्या मदतीनें मृत्यूंचा हिशेब तपासला. तेव्हां दिसून आलें कीं जखमांपेक्षां रोगांनींच फार अधिक शिपाई मेले, आणि त्या रोगांस घाण व दाटी ह्यांनीं बळ दिलें. हें सत्य कडू होतें, कारण त्याच इस्पितळांत त्या स्वतः राबल्या होत्या. दुसरें कोणी दुःखानें खचून गेलें असतें, किंवा मिळालेल्या कीर्तींतच समाधान मानून बसलें असतें. बाईंनीं आपलें दुःख कामास लाविलें, आणि आंकड्यांच्या रंगीत आकृत्या काढून तें सत्य राज्यकर्त्यांपुढें मांडलें.

क्रिमियांत त्यांस कडक ताप आला होता, आणि पुढें अनेक वर्षें त्या स्वतःच वेदनेनें बिछान्यास खिळल्या. अशा रीतीनें उशाशीं बसणाऱ्याचें आणि अंथरुणावर पडलेल्याचें, दोघांचेंहि मन त्यांस कळलें. १८५९ च्या शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकांत त्यांनीं बजाविलें आहे कीं, रोग्याच्या दाराबाहेर कुजबुजूं नये, त्यास एकाएकीं दचकवूं नये, आणि लवकर बरें वाटेल असा पोकळ धीर देऊं नये. भय, अनिश्चितता व वाट पाहणें ह्यांनीं रोगी फार थकतो. आम्हांस वाटतें, असा धीर पुष्कळदां आपण आपल्याच मनाची भीति झांकण्यासाठीं देतों. संसारांत निराश झालेली कोणतीहि बाई चांगली परिचारिका होते, ही समजूतहि त्यांनीं खोडून काढिली. आपण जवळ असतां जें करितों तें आपण नसतांनाहि होत राहील अशी तजवीज करावी, ह्यावर त्यांचा मोठा भर होता. आपल्यावांचून रोग्याचें चालूं नये असें ज्यास वाटतें, तो रोग्याची नव्हे, आपल्या मनाची सेवा करितो.

१८६० सालीं लोकांनीं त्यांच्या सन्मानार्थ जमविलेल्या निधींतून लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा निघाली. हिंदुस्थानांत त्या कधींहि आल्या नाहींत. तरी येथील खेड्यांस स्वच्छ पाणी व आरोग्य लाभावें म्हणून त्यांनीं अनेक वर्षें लेखणी झिजविली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं पत्रव्यवहार केला. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर, त्यांचें देहावसान झालें.

वाचकहो, यरीहोच्या वाटेवरील शोमरोन्यास जखमी मनुष्याचा कळवळा आला. पण तो तेथें रडत उभा राहिला नाहीं. त्यानें जखमा बांधिल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविलें, उतारशाळेंत नेलें, आणि आपण गेल्यावरहि त्याची काळजी घेतली जावी म्हणून पैसे देऊन ठेविले. कळवळा ही देवानें लाविलेली ज्योत आहे. तिला तेल कष्टाचें व शिक्षणाचें लागतें. म्हणून शेजारच्या घरीं कोणी वेदनेनें तळमळत असेल, तर जातांना अश्रू न्यावे. पण उकळलेलें पाणी, धुतलेला कपडा, उघडी खिडकी, आणि त्याचें बोलणें शांतपणें ऐकून घेणारे कान, हींहि न्यावीं. घरीं परततांना आपणांस किती वाईट वाटलें हें न विचारतां, त्या रात्रीं त्यास थोडी झोंप लागली काय, एवढेंच विचारावें.